त्याला सांग

"त्याला सांग," मगदूम सर म्हणाले, "आवाजाचं माझं काम झालंय."

त्याला म्हणजे साळोखे सरांना. ते माझ्या डाव्या हाताला बसायचे आणि मगदूम सर उजव्या. मी दोन्ही हात पसरले असते तर दोघांच्या खांद्यांना एकाच वेळी लागले असते.

मी डावीकडे वळले. "सर, आवाजाचं झालंय म्हणतायत."

"ऐकलं मी," साळोखे सर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "त्याला विचार, शब्द दिला की त्याचा प्रोग्राम लगेच बोलतो, का परवासारखा चघळत बसतो?"

मी उजवीकडे वळले.

"ऐकलं," मगदूम सर म्हणाले. "म्हणावं, तू वेळेवर दे, म्हणजे चघळायला लागणार नाही."

कोल्हापुरात भांडणांना तोटा नाही. पण इथला माणूस भांडला की चारचौघांत खच्चून भांडतो आणि पुढच्या रविवारी त्याच माणसाच्या ताटाला ताट लावून रस्सा ओरपतो. या दोघांचं सगळंच उलटं. आवाज कधी चढला नाही आणि रस्साही झाला नाही. नुसतं "त्याला सांग" चालू होतं, ते मी त्या कंपनीत येण्याच्या कितीतरी आधीपासून.

भांडणाचं कारण मला ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं, त्या दोघांनी सोडून. साळोखे सर मुलीच्या बारशासाठी रजेवर गेले होते. नेमका तेव्हाच एका दूध संस्थेचा प्रोग्राम अडला. मगदूम सरांनी साळोखे सरांचा कोड उघडला, अर्धा काढून टाकला आणि त्या जागी आपला लिहिला. प्रोग्राम चालला. साळोखे सर बर्फीचा डबा घेऊन परत आले, तर त्यांनी महिनाभर खपून लिहिलेलं काहीच जागेवर नव्हतं. "न विचारता हात लावलास," एवढंच म्हणाले आणि बर्फी वाटायला सुरुवात केली. मगदूम सरांचं टेबल तेवढं वगळलं.

बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण दुसऱ्याच्या कोडला न विचारता हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरची आमटी परस्पर ओतून आपली चढवणं. आणि वर ती आमटी चांगली झाली, तर राग दुप्पट.

माझ्या आधी हे निरोप्याचं काम खुद्द ताई करायच्या. इंदुताई इंगवले, आमच्या मालकीणबाई. शाहूपुरीत एका स्पेअरपार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं आणि दूध संस्थांचे हिशेबाचे प्रोग्राम आम्ही करायचो. ताईंनी लग्न केलं नाही. त्या म्हणायच्या, ही दोन सवतीची पोरं सांभाळते तेवढं बास आहे. मगदूम सरांचा निरोप साळोखे सरांना आणि साळोखे सरांचा मगदूम सरांना, असा त्या एका दमात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा सांगायच्या. त्यांचा आवाजच तसा होता. खालचा दुकानदार कधीकधी वर येऊन विचारायचा, "ताई, मला हाक मारलीसा काय?"

तो आवाज गेला. गळ्यात गाठ निघाली आणि मिरजेला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. उजव्या खांद्यातली ताकदही गेली. ताई डाव्या हातानं पाटीवर लिहायला लागल्या.

आम्हाला पाटी वाचता येत होती. आक्कांना येत नव्हती.

आक्का म्हणजे ताईंच्या आई. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत या दोघीच असायच्या. आक्कांची नजर काचबिंदूनं आधीच गेलेली. तोवर काही बिघडलं नव्हतं, कारण ताई घरभर बोलत असायच्या आणि आक्का त्या आवाजाच्या अंगानं वावरायच्या. आता आईला दिसत नाही आणि लेकीला बोलता येत नाही. डॉक्टरांनी गळ्याला टेकवायचं एक यंत्र दिलं होतं. ताईंनी ते लावून पहिली हाक मारली, तशा आक्का घाबरून ओरडल्या, "कोण हाय? कोण शिरलंय घरात?" ताईंनी ते यंत्र माळ्यावर टाकून दिलं. मग दोघींनी मिळून एक रीत बसवली. ताईंनी पलंगाच्या लाकडावर एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही.

मी भेटायला गेले तेव्हा आक्का माझा हात धरून म्हणाल्या, "हो आन् न्हाई, एवढ्यावर माणूस किती दिस काढंल गं? ही घरात हाय का भाईर गेल्या, ते बी कळत न्हाई मला."

त्यांचा भाचा दिनकर महिनाअखेरीला गडहिंग्लजहून येऊन आत्याला कायमची घेऊन जाणार होता. माणूस चांगला होता आणि बोलत होता तेही खोटं नव्हतं. त्याच्या घरात बायको होती, पोरं होती, बोलायला माणसं होती. आक्काही तयार झाल्या होत्या. "हिच्या आजारात आनि माझं कशाला वझं," म्हणाल्या. ताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी लाकडावर दोनदा ठोकलं, परत दोनदा ठोकलं, ठोकतच राहिल्या. आक्कांना वाटलं, पोर चिडली.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात आल्या आणि त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली. "मला बोलायचंय. आक्काशी. माझ्या आवाजात."

ताईंच्या आवाजाचा साठा आमच्याकडे होता. दूध संस्थांना प्रोग्राम शिकवायची एक सीडी होती, त्यात ताई तासभर बोलत होत्या. "मेंबर नंबर टाका. फॅट टाका. लिटरचा आकडा टाका. एंटर दाबा." मगदूम सर म्हणाले, यातले आवाज सुटे करून जोडले तर कुठलाही शब्द बोलता येईल, मात्र सगळा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये पाहिजे, नाहीतर आवाज अडखळेल. साळोखे सर म्हणाले, ताईंना एका हातानं लिहायचंय, म्हणजे दोन अक्षरं दाबली की पुढचा शब्द मशीननं ओळखायला हवा. ते पायथनमध्ये चार ओळींत होतं, म्हणून सगळंच पायथनमध्ये करावं. दोघंही हे मलाच सांगत होते.

ताईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "ज्याला जी भाषा येते तीत लिहा. खिडकी वैजू करेल."

वैजू म्हणजे मी, आणि खिडकी म्हणजे स्क्रीनवर दिसणारा मूळ प्रोग्राम. तो मी सी शार्पमध्ये केला. त्यात दोन प्लगइन बसवायचे होते, एक शब्द ओळखणारा साळोखे सरांचा आणि एक बोलणारा मगदूम सरांचा. प्लगइन म्हणजे मिक्सरची भांडी समजा. मोटर एकच असते, वर चटणीचं भांडं लावा नाहीतर रसाचं. कुठलं भांडं कुठल्या कारखान्यात झालं याच्याशी मोटरला कर्तव्य नसतं, खालची खाच बसली की झालं. हे दोन प्लगइन एकमेकांशी थेट बोलतच नव्हते. जे काही सांगायचं ते माझ्या खिडकीमार्फत. तिथंही निरोप्याचं काम माझ्याच नशिबी आलं होतं.

पण काम करताना त्या दोघांचा मला फार लळा लागला. मगदूम सर कानाला हेडफोन लावून दिवसभर "फॅट टाका, फॅट टाका" ऐकत बसायचे. सीडीत "आक्का" हा शब्द कुठंच नव्हता. त्यांनी "आकडा"मधला "आ" घेतला, "एक टक्का"मधला "क्का" घेतला आणि दोन्ही जोडून मला ऐकवलं. डोळे पुसत म्हणाले, "हेडफोन फार गरम होतो." साळोखे सरांनी ताईंच्या जुन्या ईमेल मशीनला वाचायला दिल्या होत्या, म्हणजे ताईंच्या बोलण्याची धाटणी मशीनला कळेल. परिणाम असा झाला की "तू" टाइप केलं की मशीन आपणहून पुढं सुचवायचं, "अजून केलं नाहीस."

मी दोन्ही प्लगइन वेगवेगळे तपासले. साळोखे सरांचा तपासताना मगदूम सरांच्या जागी एक तोतया प्लगइन लावायची आणि मगदूम सरांचा तपासताना साळोखे सरांच्या जागी दुसरा. दोन्ही व्यवस्थित चालले. सोमवारी खरे दोन्ही एकत्र लावून पाहायचं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी दिनकरचा फोन आला. गाडी मोकळी मिळतेय, उद्याच येतो.

रविवारी सकाळी मी दोघांनाही ताईंच्या घरी बोलावलं. दुसरा येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही. साळोखे सर लॅपटॉप घेऊन आधी आले. मागून स्पीकर काखोटीला मारून मगदूम सर दारात आले आणि उंबऱ्यावरच थबकले. पण माघारी फिरले नाहीत.

आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून पलंगावर बसल्या होत्या. पायाशी त्यांचं गाठोडं होतं. दिनकर दारापाशी खुर्चीत बसून गाडीची किल्ली बोटात फिरवत होता. "चालू द्या तुमचं," म्हणाला, "पर ऊन व्हायच्या आत निघालेलं बरं." ताई कुणाकडंच बघत नव्हत्या. त्या फक्त लॅपटॉपकडं बघत होत्या.

मी खिडकी उघडली. खाली दोन गोल दिवे काढले होते, डावा शब्दांचा आणि उजवा आवाजाचा. प्लगइन तयार झाला की त्याचा दिवा हिरवा व्हायचा. दोन्ही पिवळे होते. पिवळेच राहिले. मी बंद करून परत उघडलं. परत पिवळे. ताईंनी एक अक्षर दाबलं, ते दिसलंसुद्धा नाही.

"काय झालं गं?" आक्कांनी विचारलं.

"होतंय, आक्का," मी म्हणाले. दिनकरनं गाठोडं उचलून दाराशी नेऊन ठेवलं. उचलताना त्यानं जमेल तेवढा कमी आवाज केला, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"त्याला सांग," साळोखे सर म्हणाले, "माझा व्यवस्थित आहे. त्याचाच अडकलाय."

"त्याला सांग—" मगदूम सर म्हणाले.

टक, टक. ताईंनी पलंगाच्या लाकडावर दोनदा ठोकलं.

"न्हाई म्हणत्या ती," आक्का म्हणाल्या.

मी दोन्ही प्लगइन आतून काय म्हणतायत ते स्क्रीनवर आणलं. दोघांनीही तशी सोय ठेवली होती. साळोखे सरांचा म्हणत होता, "आवाज तयार होण्याची वाट पाहत आहे." मगदूम सरांचा म्हणत होता, "शब्द येण्याची वाट पाहत आहे." त्याखाली परत तेच आणि त्याखालीही तेच.

मी ते मोठ्यांदा वाचलं.

चूक कुणाचीच नव्हती. आवाज आधी तयार झाल्याशिवाय शब्द द्यायचे नाहीत, म्हणजे उद्या काही बिघडलं तर आपल्यावर यायला नको, असं साळोखे सरांनी लिहिलं होतं. शब्द आधी हातात पडल्याशिवाय तयार म्हणायचं नाही, म्हणजे आपल्यावर यायला नको, असं मगदूम सरांनी. माझे तोतये भलतेच गुणी होते. ते कुणासाठी अडून बसत नव्हते, विचारल्याबरोबर हो म्हणत होते. खरे दोघं मात्र पंगतीत बसलेल्या दोन मानकऱ्यांसारखे, समोरच्यानं घास उचलल्याशिवाय उचलायचा नाही म्हणून ताटावर बसून होते.

"कुणीतरी एकानं आधी सुरू करायला पाहिजे," मी म्हणाले. "एकच ओळ बदलायची आहे."

"मग त्याला सांग—" साळोखे सर म्हणाले.

टक, टक.

"न्हाई म्हणत्या," आक्का म्हणाल्या. "कवाधरनं न्हाई म्हणत्या ती, कुनी ऐकालंय काय?"

बाहेर गल्लीत दिनकरच्या गाडीच्या मागं कुणाची तरी गाडी अडली होती, हॉर्न वाजत होता. दिनकर उठून उभा राहिला.

मगदूम सर बसल्या जागेवरून थोडे पुढं सरकले. घसा खाकरला. आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "साळोखे."

साळोखे सरांनी मान वर केली नाही. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्यात इथं काही बदलता यायचं नाही," मगदूम सर म्हणाले. "माझा कोड बदलला की परत बांधावा लागतो, आणि तो बांधणारा कंपायलर ऑफिसातल्या मशीनवर आहे. तुझं पायथन इथल्या इथं बदलता येतं. तुझी ती वाट बघायची ओळ काढली की तुझे शब्द आधी येतील, मग माझा उठेल." मग विचारलं, "काढू का?"

गल्लीतला हॉर्न थांबला.

"त्या वेळी विचारलं नव्हतं," मगदूम सर म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं. आज विचारतोय."

साळोखे सरांनी लॅपटॉप माझ्यासमोरून उचलला. मला वाटलं, बंद करून निघाले. त्यांनी तो उचलून मगदूम सरांच्या मांडीवर ठेवला.

"काढ."

"मला पायथन येत नाही."

"इतकी वर्षं शेजारी बसून येत नाही?"

"तू शिकवलंस?"

"सरक तिकडं," साळोखे सर म्हणाले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. "खाली ये. आणखी खाली. ती बघ ओळ. अरे, पुसू नको, पुसू नको! पुसायची लई घाई तुला. तिच्या सुरुवातीला नुसतं हॅश टाक. म्हणजे ती राहते, पण मशीन तिच्याकडं बघत नाही."

"हे बरं आहे," मगदूम सर म्हणाले. "राहते पण बघत नाही."

"हां. तसंच."

मगदूम सरांनी एका बोटानं हॅश टाकलं. मग हळूच विचारलं, "पोरगी कितवीत गेली?"

"दुसरीत. तुझी बर्फी राहिल्या."

मी खिडकी उघडली. डावा दिवा हिरवा झाला. मग उजवाही हिरवा झाला.

ताईंनी लॅपटॉप ओढून घेतला. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी "आ" दाबलं, आणि साळोखे सरांच्या यादीत सगळ्यात वर तो शब्द तयार होता. त्यांनी तो निवडला. पुढचे शब्द एकेक करून जुळवले. मग एंटर दाबलं.

"आक्का. मी. इथंच. आहे."

शब्दाशब्दाला खाच होती. "इथंच"मधला "च" नक्की "लिटरचा"मधून उचललेला होता. पण आवाज ताईंचा होता. खालच्या दुकानदाराला वर आणणारा तोच.

आक्कांचा चेहरा एकदम रिकामा झाला. त्यांनी हात पुढं करून चाचपडायला सुरुवात केली. ताईंनी तो हात धरून आपल्या गालाला लावला.

"परत म्हण," आक्का म्हणाल्या.

"आक्का. मी. इथंच. आहे."

"इंदे," आक्का म्हणाल्या. मग बराच वेळ नुसतं "इंदे, इंदे" म्हणत राहिल्या. मला रडू आवरेना. मगदूम सर आणि साळोखे सर दोघंही एकाच स्पीकरची एकच वायर तपासत होते, जिला काहीही झालं नव्हतं.

मग आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "अशी काय बोलालीस पर? ब्यांकेतल्या बाईगत?"

ताईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आवाज नव्हता, पण त्या हसत होत्या, आणि हाताखालच्या गालावरून ते आक्कांना कळलं. ताईंनी पुन्हा बोट चालवलं. "तू" दाबलं, तशी मशीननं सवयीनं रांग लावली. ताईंनी घाईनं त्यातलं काही घेतलं, काही स्वतः लिहिलं आणि एंटर दाबलं.

"तू. अजून. जेवली नाहीस. लवकर कळवा."

साळोखे सरांनी कपाळाला हात लावला. आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ठसक्यातच म्हणाल्या, "कळवते, माझे बाई, कळवते. भाकरी खाल्ल्या सकाळी. आन् तू? औषध घेतलंस? आन् त्या दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलंस का तसंच उघडं हाय?"

ताई टाइप करायला लागल्या. एका हातानं वेळ लागत होता. आक्का मान तिरकी करून, तोंड स्पीकरकडं करून वाट बघत होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

दिनकर दारात उभा होता. गाठोडं त्याच्या पायाशी होतं.

"आत्ती," तो हलक्या आवाजात म्हणाला, "निघायचं न्हवं?"

आक्कांनी त्याच्याकडं तोंडसुद्धा वळवलं नाही. नुसता हात हलवला.

"तू हो म्होरं," म्हणाल्या. "आमचं बोलणं चाललंय."